कडीवरचा हात

"मग तुम्ही त्यांना सांगणार आहात की नाही, एवढंच मला सांगा."

केतकीनं हा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा गौराक्का चुलीपुढं बसल्या होत्या. निखाऱ्यांत फणसाच्या आठळ्या भाजायला घातल्या होत्या, आणि एका काटकीनं त्या एकेक आठळी उलटत होत्या. जगात त्याहून महत्त्वाचं काम नसल्यासारख्या.

"काय सांगू?"

"दार तासू द्या म्हणून."

"कुणाचं दार?"

केतकीनं डोळे मिटून घेतले. थोरामोठ्यांची हीच खोड तिच्या डोक्यात जायची. सरळ काही विचारावं, तर उत्तर देण्याऐवजी ते तुम्हाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभं करतात. वर त्याला शहाणपण म्हणतात.

"आमचं दार, आक्का. घराचं. पुढचं. फुगलंय. उघडत नाही. मघापासून तेच तर सांगतेय."

"हं..." आक्कांनी एक आठळी बाहेर ओढली, पाहिली, परत आत ढकलली. "उघडत नाही म्हणजे, चोर तरी येत नसतील."

"आक्का!"

"बरं बरं. बोल."

बाहेर श्रावणातला पाऊस कौलांवर धरून होता. कुरणघोळमध्ये एकदा लागला की तो असाच असतो. भिंतींना शेवाळ येतं, मिठाचं पाणी होतं, माचिसच्या काड्या उशाखाली ठेवाव्या लागतात. गावाच्या वरच्या अंगाला, ओढा ओलांडला की गौराक्कांचा मठ. मठ म्हणजे काय, तर एकखणी कौलारू घर, मधे धुनी, अंगणात तुळस, आणि पुढच्या भिंतीत दाराएवढी मोकळी जागा. दार बसवायचं आधीच्या बुवांच्या मनात आलं नाही. त्यांच्यामागून आक्कांच्याही आलं नाही.

आक्का मंत्र देत नसत, अंगारा देत नसत. लोक प्रश्न घेऊन येत आणि बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न घेऊन परत जात. तरीही येत. केतकीचे तात्या तर दर गुरुवारी. घरात कुणाचं एक अक्षर न ऐकणारा हा माणूस आक्कांनी "बस" म्हटलं की बसतो आणि "ऊठ" म्हटलं की उठतो, हे कोडं केतकीला लहानपणापासून सुटलेलं नव्हतं. पण आज तेच तिच्या उपयोगाचं होतं. म्हणून तर एवढ्या पावसात ओढा ओलांडून ती आली होती.

"तात्या तुमचं ऐकतात," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. मी शिवाप्पा सुताराला घरी घेऊन आले, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाले, पावसात दाराला रंधा मारत नाहीत."

"खरं आहे ते. पावसात तासलं की थंडीत फटी पडतात."

"मला माहीत आहे, का पडतात ते!" केतकी उसळली. ती पदार्थविज्ञान शिकली होती, गडहिंग्लजच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तेच शिकवत होती. लाकूड कुठल्या अंगानं जास्त फुगतं आणि का, हे तिला फळ्यावर आकृती काढून सांगता आलं असतं. "मी काय अख्खं दार तासायला सांगतेय? खालचा कोपरा. नखाएवढा. थंडीत फट पडली तर चिंध्या कोंबीन. पण आत्ता मला माझ्या घरात पुढच्या दारानं जाता येत नाही, त्याचं काय?"

"मग कशी जातेस?"

"परसातून. चिखलातून. गोठ्याला वळसा घालून, मागच्या दारानं. आणि आत जाऊन बघावं तर तात्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. दाराकडं तोंड करून! मी बाहेरून धडका मारत होते तेव्हाही तिथंच. उठले नाहीत. इतकी वर्षं एसटी चालवली ना... घंटी वाजली की गाडी पुढं काढायची. दार उघडायचं काम कायम दुसऱ्याचं."

आक्का हसल्या. हसताना त्यांच्या तोंडात उरलेले थोडे दात दिसले. केतकीलाही हसू आलं असतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. ती भांडायला आली होती.

"दार दरवर्षी फुगतं?"

"दरवर्षी. फणसाचं आहे. माझा जन्म झाला त्या पावसाळ्यात तात्यांनी परसातला फणस पाडला आणि ओल्या लाकडाचंच दार करून घेतलं. बाळाला वारं लागायला नको म्हणून. घाई, दुसरं काय. लाकूड वाळवावं लागतं हे कुणी सांगितलं असणार, पण ऐकणार कोण?"

"म्हणजे तुझी घाई बापाकडची होय," आक्का म्हणाल्या.

केतकीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मग इतके पावसाळे कसं उघडायचात?"

"दोघं लागायची."

"म्हणजे?"

"म्हणजे एक बाहेर, एक आत. बिजागऱ्या झिजल्यात, दार खाली बसलंय. आतल्यानं कडीला धरून ते जरा वर उचलायचं आणि ओढायचं. त्याच क्षणी बाहेरच्यानं लोटायचं. उचलायच्या आधी लोटलं तर कोपरा फरशीत रुततो, मग ते आणखीच आवळून बसतं."

"आणि बाहेरच्याला कसं कळायचं, कधी लोटायचं ते?"

केतकीनं धुनीकडं मान वळवली.

धुनीत ओलं लाकूड होतं, त्याच्या टोकाला फेस येत होता. तिकडं बघत ती म्हणाली, "आतून आई सांगायची. 'लोट' म्हणायची."

आक्कांची काटकी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

केतकीची आई, शेवंता, माघात गेली होती. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. संध्याकाळी ताप आला, तालुक्याला नेलं, आणि तिथून आणलं ते आणलंच. तेव्हा थंडी होती. दार सुकून हलकं झालेलं, बोटानं उघडत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागली होती, दार कुणी लावलंही नव्हतं. ते दार पुन्हा कधी अडेल हे त्या दिवसांत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आक्कांनी एक आठळी बाहेर काढून केतकीपुढं सरकवली.

"घे."

केतकीनं उचलली आणि चटका बसून टाकली. बोट तोंडात घातलं.

"गरम आहे म्हणून सांगायचं तरी!"

"निखाऱ्यातनं काढलेली तू पाहिलीस की."

"तुम्ही 'घे' म्हणालात."

"घे म्हणाले. आत्ता घे म्हणाले का?"

केतकीनं पिशवी पुढं ओढली. या बाईशी बोलून दिवस घालवण्यात अर्थ नव्हता. पिशवीतून तिनं जुन्या टॉवेलात गुंडाळलेला रंधा काढला आणि दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. शिवाप्पाच्या घरून मागून आणलेला, मूठ घासून घासून काळी झालेली, पातं नुकतंच लावलेलं.

"हे बघा. मी आज दार तासणार. तात्यांनी 'हो' म्हटलं तर त्यांच्यासमोर, नाही म्हटलं तरी त्यांच्यासमोर. तुम्ही एक शब्द टाकलात तर भांडण होणार नाही, एवढंच. आणि तेही जमणार नसेल तर सोमवारपासून मी गडहिंग्लजला राहते. मैत्रिणीची खोली आहे. तिच्या दाराला कुलूप लागतं आणि किल्लीनं उघडतं. एकट्या माणसाला."

"आणि बाळकू?"

बाळकू म्हणजे तात्या. एवढ्या मोठ्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाला कुणी बाळकू म्हटलं की केतकीला दर वेळी वाटायचं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

"ते बसतील दाराकडं बघत. आत्ता तरी दुसरं काय करतात?"

आपल्याच तोंडचं वाक्य ऐकून तिला कसंतरी झालं. पण मागं घ्यायची सवय नव्हती.

"तुम्हाला काय कळणार म्हणा," ती चिडून म्हणाली. "तुमच्या मठाला दारच नाही."

"नाही खरं."

"म्हणून तुम्हाला सोपं आहे."

"सोपं?" आक्कांनी मान वळवून त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. बाहेर पाऊस उभाच होता, मधे काहीच नव्हतं. "इथं लोक सरळ आत येतात आणि प्रश्न टाकतात. तू आलीस, तीही तशीच. पायसुद्धा पुसले नाहीस."

केतकीनं आपल्या पायांकडं पाहिलं. मठभर चिखलाची पावलं उठली होती.

"मी या मठात आले तेव्हा तुझ्याएवढी होते," आक्का म्हणाल्या. "नवरा गेलेला. तेव्हापासून बाहेर उभं राहून मला कुणी हाक मारलेली नाही, पोरी. 'गौरे, आहेस का गं घरात'... अशी. दार नसलं की हाक मारायचं कारणच राहत नाही."

त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. दूध संपलंय, असं सांगावं तसं म्हणाल्या. केतकीनं चिखलाचे पाय जवळ ओढून घेतले.

"दाराशी तू हाक काय मारतेस?" आक्कांनी विचारलं.

"कुठल्या दाराशी?"

"फुगलेल्या."

"हाक नाही मारत. खांदा लावते. लाथही मारते कधी कधी."

"एकदाही मारली नाहीस हाक?"

केतकीनं मघाची आठळी पुन्हा उचलली.

"केतके."

"मारली होती. एकदा." केतकी आठळीचं साल नखानं खरवडू लागली. आता ती निवली होती. "आषाढात. दार फुगलं त्या दिवशी. कॉलेजातून आले, छत्री उलटी झालेली, भिजले होते. दार लोटलं तर घट्ट. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मग मागून गेले. आत जाऊन बघते तर तात्या दाराशीच उभे! पाठमोरे. कडीला हात लावून. म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं, आक्का. ते उठून दारापर्यंत आलेही होते. आणि उघडलं नाही! वळलेसुद्धा नाहीत माझ्याकडं. मी ओली उभी, ते तसेच उभे. अशा माणसाबरोबर राहायचं कसं, तुम्हीच सांगा."

"काय हाक मारली होतीस?"

"हाक म्हणजे हाक. दार उघडा म्हणून."

"कुणाला?"

पाऊस मधेच जरा ओसरला. कौलांवरचा आवाज कमी झाला आणि ओढ्याचा ऐकू येऊ लागला.

केतकीच्या हातातली आठळी तशीच राहिली.

"सवय असते ना, आक्का," ती म्हणाली. "तोंडातून जातं. लहानपणापासून तेच ओरडत आलेली... दप्तर पाठीवर असल्यापासून. दुसरं काही ओरडलेलीच नाही मी त्या दाराशी."

"काय ओरडलीस?"

"'आई, दार!'"

 आक्कांनी निखारे राखेनं झाकले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कोपऱ्यातलं इरलं डोक्यावर घेतलं आणि त्या मोकळ्या जागेतून पावसात बाहेर पडल्या.

"कुठं निघालात?"

"तुझ्या बापाला सांगायला म्हणालीस ना?"

केतकी रंधा पिशवीत कोंबून मागोमाग धावली.

 ओढ्यातल्या दगडांवरून आक्का अशा चालल्या की केतकीलाच त्यांना गाठताना धाप लागली. मनातल्या मनात ती वाद जुळवत होती. आक्का 'तासू दे' म्हणाल्या तर ठीकच. 'नको' म्हणाल्या तर त्यांनाही दोन शब्द ऐकवायचे. घर येईपर्यंत तिच्याकडं बरेच शब्द जमले होते.

अंगणात आल्यावर ती सवयीनं गोठ्याकडं वळली.

"तिकडं कुठं?" आक्का पुढच्या पायरीवर थांबल्या होत्या. "मी पाहुणी आहे. पाहुणीला परसातनं नेतात का?"

"अहो, पण ते उघडत नाही! तेच तर..."

"म्हणून तर आले."

केतकी पायरी चढली. दार तिच्यासमोर उभं होतं. पिवळा रंग केव्हाच गेलेला, पाणी पिऊन काळपट झालेलं, चौकटीत असं आवळून बसलेलं की मधे दोरा शिरला नसता. खालच्या बाजूला तिच्याच बुटांचे डाग होते. आक्कांच्या नजरेतून ते सुटले नसणार.

तिनं खांदा लावला आणि जोर केला.

दार कण्हलं आणि आणखी रुतलं.

"बघितलंत?"

"हाक मार."

"मारून काही..."

"हाक मार म्हटलं. धडक मार नाही म्हटलं."

"कुणाला मारू?"

आक्का पदराचं टोक पिळत राहिल्या. पाणी पायरीवर पडत राहिलं. अशा वेळी हे लोक नेमके बहिरे होतात.

केतकी दाराकडं वळली. तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की या दाराशी उभं राहून तिनं तात्यांना कधी बोलावलेलंच नाही. ते बाहेर असायचे, गाडीवर. मुक्कामी असायचे. घरी असले तरी दाराकडं धावत यायची ती आईच. पिठाचे हात, कानावर खोचलेली केसांची बट... नाही, ते आत्ता नको.

"तात्या," ती म्हणाली.

"एवढ्या आवाजाला मांजरही यायचं नाही," मागून आक्का.

केतकीनं श्वास घेतला.

"तात्या! दार!"

शेजारच्या घरात कुणीतरी खिडकीशी आलं. पाऊस पन्हाळीतून दगडावर पडत होता. आत काही हललं नाही.

मग खुर्ची करकरली.

पावलं आली. सावकाश, सपाता घासत. दारापाशी येऊन थांबली. लोखंडाचा बारीकसा आवाज झाला, कडीला हात लागल्याचा.

आणि त्यानंतर काहीच नाही.

केतकीला फळ्यांतून दिसत नव्हतं, तरी दिसत होतं. तो हात. ती पाठ. त्या दिवशीसारखीच. तिच्या खांद्यात सगळं बळ गोळा झालं होतं, एक धक्का दिला असता तर... काय झालं असतं? आणखी रुतलं असतं. तिनं खांदा काढला. ओल्या लाकडावर नुसता तळवा टेकवला.

"तात्या, मी आहे," ती म्हणाली. "उभी आहे मी. सावकाश करा."

आयुष्यात कुणाला 'सावकाश' म्हणायची तिची ही बहुधा पहिलीच वेळ.

आतून खाकरल्याचा आवाज आला. मग तात्यांचा आवाज, अगदी जवळून, लाकडाच्या पलीकडून.

"ती... आधी उचलायची, का आधी सांगायची?"

केतकीनं कपाळ दाराला टेकवलं.

तिला उत्तर ठाऊक होतं. तेवढं एकच उत्तर या जगात फक्त तिला ठाऊक होतं. पण ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. आतला माणूस तेवढा वेळ थांबला.

"आधी उचलायची," ती म्हणाली. "मग सांगायची."

"कडी दोन्ही हातांनी?"

"एका हातानं. दुसरा हात वर, आडव्या पट्टीला."

"हं... आषाढात मी दोन्ही हातांनी ओढत होतो."

केतकीनं दुसरा तळवाही दाराला टेकवला. 

आत काहीतरी सरकलं. बिजागऱ्या कुरकुरल्या. फळ्या तिच्या तळव्याखाली केसभर वर गेल्या, तिला जाणवलं, पण ती थांबली. आधी उचलायचं. मग सांगायचं. आतून नुसता श्वास ऐकू येत होता, जड, वजन पेललेल्या माणसाचा. आणि बराच वेळ तेवढाच.

"...लोट."

फाटका आवाज होता. आईच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. तरी केतकीचे हात आपोआप त्याच क्षणी पुढं गेले, जसे नेहमी जायचे.

दार निम्मं उघडलं आणि अडलं. तेवढं पुरेसं होतं.

तात्या समोर उभे होते. दाढी वाढलेली, बंडीचं एक बटण तुटलेलं, कडीच्या लोखंडानं तळवा लाल झालेला. त्यांनी केतकीकडं पाहिलं. किती तरी दिवसांनी असं समोरून.

"भिजलीस," ते म्हणाले.

"हं."

"टॉवेल..." ते मागं वळले, आणि टॉवेल कुठं असतो ते न आठवून तसेच थांबले. मग त्यांना तिच्या पिशवीतून बाहेर आलेला टॉवेल दिसला. त्यात गुंडाळलेला रंधाही दिसला.

दोघंही त्याच्याकडं बघत राहिले. वाटेत जमवलेल्या शब्दांपैकी केतकीला एकही सापडेना.

"आक्का, तुम्ही पायरीवर का?" तात्यांना आता कुठं त्या दिसल्या. "या ना आत. चहा टाकतो."

"चहा? तू?" आक्का म्हणाल्या. "नको रे बाबा. देवाधर्माच्या मार्गाला लागलेय मी, पण इतकीही पुढं गेलेली नाही."

तात्या हसले. हसणं विसरलेल्या ओठांनी हसले.

"आक्का," केतकीनं रंधा हातात घेतला. "तुम्ही सांगायला आला होतात. मग आता सांगा. तासायचं की नाही?"

"त्याला विचार. दार त्याचं."

"तात्या?"

तात्यांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला. ओलं लाकूड, टणक फुगलेलं. "पावसात..." त्यांनी सुरुवात केली.

"...रंधा मारत नाहीत. ऐकलंय मी."

"थंडीत मारू." ते जरा थांबले. तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू असशील तर."

"असेन की." हे तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की मागाहून तिलाच ऐकू आलं. मग नेहमीचा फणकारा हाताशी आला आणि तिला बरं वाटलं. "पण थंडीत कशाला मारायचा, तात्या? थंडीत रंध्याची गरजच काय? थंडीत ते वाळतं, आपोआप सुटतं. बोटानं उघडतं. तेव्हा कुणाला हाक मारावी लागत नाही, कुणी उठून यावं लागत नाही, कुणी आतून..."

ती थांबली.

तात्यांचा हात परत कडीवर गेला होता. रंध्याची मूठ तिच्या हातात होती, पातं पावसानं भिजत होतं.

आक्कांनी इरलं डोक्यावर घेतलं आणि पायरी उतरल्या. अंगणाच्या मध्यावर जाऊन त्या वळल्या. पावसातून त्यांचा आवाज आला.

"थंडीत दार सुटेल तेव्हा ये माझ्याकडं, केतके. खरं अवघड तेव्हा होईल."